पोपच्या गावचा काश्पर माळी

“आपला पोप नाही का आला परत?” हे काश्पर आयखेलचं पालुपद. शेजाऱ्याने नेलेली कुदळ बरेच दिवस परत आली नाही आणि बायको कुरकुरली, की हा बाकावर पाय लांब करून म्हणणार, “येईल गं. आपला पोप नाही का आला परत?” मांजर हरवलं, पेरलेलं बी उगवायला उशीर झाला, पोरगा बिअरच्या गुत्त्यातून वेळेवर घरी आला नाही, सगळ्यावर त्याचं हे एकच औषध. त्याची बायको ओटिली एकदा वैतागून म्हणाली होती, “पोपला आणायला माणसं गेली होती. तू निदान कुदळ आणायला तरी ऊठ.”

या बोलण्याचा अर्थ आमच्या बांबेर्गातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टेकडीवर चार मनोऱ्यांचं मोठं चर्च आहे, आणि त्याच्या पश्चिमेच्या गाभाऱ्यात एक पोप झोपलेला आहे. सगळ्या जर्मनीत पोपची कबर म्हणून जी काय आहे ती ही. नऊशे वर्षं होत आली. तो आधी आमचा बिशप होता. राजाने त्याला रोमला नेऊन पोपच्या गादीवर बसवलं, पण त्याने आमचं बिशपपद सोडलं नाही. तिकडून त्याने पत्र धाडलं आणि त्यात या गावाला आपली लाडकी नवरी म्हटलं. मग वर्ष पुरं व्हायच्या आत तो तिकडेच मेला. तेव्हा आगगाडी नव्हती, धड रस्ताही नव्हता. तरी माणसांनी त्याला उचललं आणि आल्प्सचे डोंगर ओलांडून घरी आणलं. रोमच्या गादीवर किती बसले आणि किती गेले, आम्हाला त्यांचं काय! आमचा एकच, आणि तो आमच्या मातीत आहे.

टेकड्यांवर चर्चवाले, नदीच्या बेटावर दुकानदार आणि पलीकडच्या सपाट, रेताड जमिनीवर आम्ही माळी, ही वाटणी फार जुनी. टेकडीवरचे लोक आम्हाला कांदातुडवे म्हणतात. ऑगस्टात आम्ही बुटांखाली फळ्या बांधतो आणि वाफ्यातून सावकाश चालत कांद्याची पात आडवी करतो. पात मोडली की झाडाचा जीव वर वाया न जाता खाली कांद्यात उतरतो. लोक ते बघतात आणि हसतात. हसोत. कांद्यात खिमा भरून, धुरकट बिअरच्या रश्श्यात शिजवून खाताना कोणी हसत नाही.

कांदा कोणीही पिकवील. माळ्याची खरी परीक्षा ज्येष्ठमधात. त्याचं मूळ आमच्या रेतीत माणसाच्या दुप्पट खोल जातं. ते उपटायचं नसतं. रोपापासून हातभर लांब, माणूस उभा मावेल असा चर खणायचा आणि मग बाजूने मुळाकडे यायचं. जवळ आलं की कुदळ ठेवून द्यायची आणि बोटांनी माती सोडवत जायची. मूळ जिकडे वळेल तिकडे आपण वळायचं. मध्ये दुसऱ्या झाडाचं मूळ गुंतलेलं सापडलं तर तेही तोडायचं नाही, दोन्ही अखंड सोडवून घ्यायची. आणि निघालं की लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. उघड्या मुळाला वारा लागला की ते तडकतं. चरात उभं राहून माल बघत बसणाऱ्याला आमच्यात अडाणी म्हणतात. माल घरी जाऊन बघायचा.

पूर्वी उमेदवाराला उस्ताद म्हणवून घ्यायचं तर असं एक मूळ टोकापर्यंत अखंड काढून पंचांपुढे ठेवावं लागे. काश्परच्या तरुणपणी ही रीत मरायला टेकली होती. पण तो हट्टाने चरात उतरला आणि दोन पुरुष लांबीचं मूळ घेऊन वर आला. त्याचं कडं करून आमच्या संत सेबास्टियनच्या देवळीत टांगलं होतं. मी लहानपणी ते बघायला जायचो. आमच्या त्याच्या परड्यात एकच भिंत होती, त्यामुळे त्याचं बोलणं, खोकणं, भांडणं सगळं मला घरातल्यासारखं ऐकू यायचं.

ओटिलीला झालेल्या मुलांपैकी एकच जगला, योब्स्ट. बापासारखा रुंद आणि आईसारखा कमी बोलणारा. लहानपणी चेरीच्या झाडावरून पडला आणि डावी नडगी मोडली. हाडवैद्याने ती बसवली, पण किंचित तिरपी बसली. चालताना कळायचं नाही, वरून बोट फिरवलं तर उंचवटा लागायचा. पुढे बापाच्या हाताखाली चरात शिकताना काश्परच्या कुदळीचा दांडा त्याच्या तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात अर्धा गेला. ओटिली कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती. काश्पर तिच्यापुढे भाकरीचं ताट सरकवत म्हणाला होता, दात काही पोप नाही, तो परत यायचा नाही, आता बोल की. तेव्हा ती हसली आणि बोलायला लागली.

मग महायुद्ध आलं. योब्स्ट गेला. पहिलं वर्ष त्याने काढलं. दुसऱ्या वर्षी त्याची तुकडी दक्षिणेला, इटलीच्या तोंडावरच्या पहाडांत पाठवली आणि तिथे शरद ऋतूत तो पडला. आमच्या गल्लीतला एंड्रेस त्याच तुकडीत होता. त्याच्या पायांची बोटं बर्फाने गेली आणि तो कुबडी घेऊन घरी आला. काश्परच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं. एका कड्यावर पांढरा पट्टा आहे, त्याच्या खाली एक खळगा आहे. आजूबाजूला सगळा खडक, माणूस झाकेल एवढी माती तेवढ्या खळग्यातच. तिथे त्याने योब्स्टला आपल्या हातांनी पुरलं होतं. काश्परने एकच विचारलं, डोकं कुठल्या बाजूला केलंस? एंड्रेस म्हणाला, उगवतीकडे.

त्यानंतरही काश्परने आपलं पालुपद सोडलं नाही, पण आता ते कुदळीसाठी आणि मांजरासाठी निघेनासं झालं. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. एकटाच वाफ्यात वाकलेला असायचा आणि स्वतःशी म्हणायचा. आधी तो पुढे “येईल” म्हणायचा. आता “आणीन” म्हणू लागला.

ख्रिस्तशरीराच्या सणाला मोठ्या चर्चचा जड क्रूस गावातून मिरवतात आणि तो खांद्यावर घ्यायला टेकडीवरच्यांना आम्ही कांदातुडवेच लागतो. काश्परची जागा पुढची, डावी. योब्स्ट गेल्यावर त्याने ती सोडली. पंच विचारायला आले तर म्हणाला, “खांदा राखून ठेवलाय.” लोकांना तो माज वाटला. दोन-चार जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एक म्हणाला, गावातली किती पोरं तिकडे राहिली, यालाच काय सोनं लागलंय? काश्परने ते ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाला की बाकीच्यांच्या बापांना बंदी कोणी घातली आहे?

युद्ध हरलो, राजा गेला, उपासमार झाली. ते पहाड आता इटलीचे झाले. काश्पर दर वर्षी पुढच्या वर्षाचं बोलायचा. मग १९२२ च्या उन्हाळ्यात तिकडून आलेल्या एका बी विकणाऱ्याने बातमी आणली. सरकारी माणसं पहाडांतल्या सुट्या कबरी उकरून सगळी हाडं एका जागी नेऊन ठेवत आहेत, आपली आणि परकी, जशी सापडतील तशी. ते ऐकून काश्परचा चेहरा असा झाला की ओटिलीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

त्या ऑगस्टात कांदा तुडवून झाला आणि तो निघाला. आमचे माळी बी विकायला परमुलखात जातच आले आहेत, त्यामुळे पाठीवर वेताची पाटी घेतलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी वळून बघितलं नाही. पाटीत बियांच्या पुरचुंड्या, ज्येष्ठमधाच्या काड्या, तळाशी गोणपाट आणि दांडा कापलेली कुदळ. फादर निकोडेम, म्हणजे आमचे पाद्री, यांच्या कानावर त्याने घातलं होतं. फादरनी सांगितलं, कागद मी विचारणार नाही, तू दाखवू नकोस, आणलास तर मी त्याला विधिपूर्वक मातीत ठेवीन.

पुढचं मला त्याने नंतर, पाय गरम पाण्यात घालून बसला असताना सांगितलं. आगगाडीने डोंगराच्या पायथ्यापर्यंत, मग चालत. सरहद्दीवरच्या शिपायाने पाटीत हात घातला आणि ज्येष्ठमधाची काडी घेऊन चघळत त्याला सोडून दिलं. पहाडात त्याला काटेरी तारा दिसल्या, गंजलेले डबे दिसले, माणसाविना उभे असलेले बूट दिसले. पांढऱ्या पट्ट्याचा कडा सापडला. खळगाही सापडला. एंड्रेसने रोवलेला क्रूस केव्हाच मोडून पडला होता. सकाळचं धुकं खाली उतरेपर्यंत त्याने वाट बघितली, म्हणजे खालच्या वाटेवरून कोणी बघू नये. आणि मग आयुष्यभर जसं खणलं तसंच खणलं. हातभर लांब चर. बाजूने आत. मग कुदळ खाली, बोटं पुढे. जे हाताला लागेल ते टोकापर्यंत सोडवायचं, काही तोडायचं नाही, काही मागे ठेवायचं नाही. आणि हाती आलं की लगेच गोणपाटात, न बघता.

“का नाही बघितलंस, काका?” मी विचारलं.

“वारा होता,” तो म्हणाला. मग पाण्यात टाच चोळत म्हणाला, “आणि माझ्याने होईना.”

परत येताना पाटी जड होती. तोच शिपाई होता. काश्परने न मागताच त्याला मूठभर काड्या दिल्या. शिपायाने त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हटलं, बहुधा, म्हातारबा, माल खपला नाही वाटतं. काश्परने मान हलवली.

सप्टेंबर संपत आला होता तेव्हा तो आमच्या गल्लीत शिरला. ताठ चालत होता. कितीतरी वर्षांनी मी त्याला तसं चालताना बघितलं. आम्ही चौघांनी आयखेल घराण्याची कबर उघडून ठेवली. ज्यांनी बोलणं टाकलं होतं तेही येऊन उभे राहिले आणि एकाने टोपी काढली. दुसऱ्या दिवशी फादर येणार होते. सुताराकडे पेटी तयार होती.

पण ओटिली म्हणाली, असा गोणपाटात नाही जायचा तो. जन्मला तेव्हा मीच पुसला, आताही मीच पुसेन. कांद्याच्या कोठारात मुळं निवडायचं लांब टेबल आहे. त्याच्यावर तिने धुतलेला पलंगपोस अंथरला. एंड्रेस होता, मी होतो. काश्पर गोणपाट उलगडून एकेक हाड तिच्या हातात देत गेला आणि ती ओल्या फडक्याने पुसून माणूस झोपतो तशी मांडत गेली. पहिल्याच गुंडाळीत डावी नडगी निघाली. तिने तिच्यावरून बोट फिरवलं. उंचवट्यावर बोट थांबलं. ती रडली नाही. तिने ती नडगी मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसती धरून बसली.

मग ती पुढे मांडू लागली. हळूहळू तिचा हात मंदावला. मांडीची दोन हाडं जागेवर ठेवलेली असताना काश्परने तिच्या हातात तिसरं दिलं. ते दोघांपेक्षा आखूड होतं. तिने ते बाजूला ठेवलं. मग एक चपटा, पाच टोकांचा धातूचा तुकडा निघाला, चांदणीसारखा. एंड्रेसने तो हातात घेऊन उजेडाला धरला आणि कुबडीवर रेलला. ही इटलीच्या शिपायांच्या कॉलरवरची चांदणी, तो म्हणाला. आम्ही मागे हटल्यावर तो कडा त्यांच्याकडे गेला असणार. माणूस पुरायला त्यांनाही दुसरी माती नव्हती, तोच खळगा त्यांनी पुन्हा उकरला असणार.

शेवटच्या गुंडाळीत कवटी होती. एकच. ओटिलीने ती दोन्ही हातांत घेतली आणि तोंडाशी आणून दात बघितले. वरचे पुढचे दात सगळे जागच्या जागी, बारीक आणि एकसारखे होते, जेमतेम विशीतल्या पोराचे.

“हा माझा नाही,” ती म्हणाली.

काश्पर गोणपाट झटकत राहिला, जणू आत अजून काहीतरी अडकलेलं असेल. मग बाकावर बसला. उस्ताद म्हणून ज्याचं मूळ देवळीत टांगलं होतं, त्याने आयुष्यातलं शेवटचं मूळ अर्धं आणलं होतं, आणि त्यात दुसऱ्याचं गुंतून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी फादर आले आणि परत गेले. कबर उघडीच राहिली. तिच्यात पावसाचं पाणी साचलं, मग पानं पडली. भिंतीपलीकडे ती दोघं त्या दिवसांत जे बोलली ते मी ऐकलं, कारण न ऐकण्याचा उपायच नव्हता. काश्परचं म्हणणं साधं होतं. एवढ्या लांबून आणला आहे, एकाच खड्ड्यात इतकी वर्षं दोघं होती, एकाच पेटीत ठेवू, वर योब्स्टचं नाव घालू.

“कोण विचारणार आहे?” तो म्हणाला.

“मी विचारणार आहे,” ओटिली म्हणाली. “रोज तिथे जाऊन मी कोणाच्या डोक्याशी बोलू?”

“मग याला वेगळा पुरू. कुंपणाकडेला.”

“जिथे जीव दिलेले पुरतात तिथे? त्याने काय केलं रे तुझं?”

“योब्स्टला कोणी मारलं? यांनीच ना?”

“या पोराने मारलं? तू बघितलंस?”

यावर काश्परने दार आपटलं. गल्लीतही दोन तट पडले. कोणी म्हणे, शत्रूचं हाड पवित्र मातीत नको. कोणी म्हणे, मेल्यावर कसला शत्रू. एका बाईने तर ओटिलीला कांद्याच्या वेण्या बांधता बांधता सुनावलं, “तुला निम्मा तरी मिळाला, बाई. आमच्या पदरात काहीच नाही.” ओटिलीने तिच्या वेणीची गाठ घट्ट करून दिली.

ऑक्टोबरात आमच्या पोपची पुण्यतिथी येते. त्या दिवशी काश्पर रविवारचा काळा कोट घालून टेकडी चढला. मला सोबत ये म्हणाला. प्रार्थना संपली, लोक पांगले, तरी तो गाभाऱ्यात त्या संगमरवरी पेटीपाशी उभा राहिला. तिच्या बाजूंवर मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यात एक बाई एका घड्यातून दुसऱ्या घड्यात पाणी ओतते आहे. आमचे लोक म्हणतात, ही आपल्यातली, वाफ्याला पाणी घालायला निघालेली. काश्परचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. फादर निकोडेम त्याला बघून जवळ आले.

“फादर,” काश्पर म्हणाला, “रोमवाल्यांनी याला कधी परत मागितला?”

“माझ्या ऐकण्यात तरी नाही.”

“मग झालं तर. ज्याला कोणी मागत नाही तो असेल तिथे राहतो. त्या पोराला तरी कोण मागतंय?”

फादर म्हातारे होते, त्यांना गुडघ्यांचा त्रास होता. ते शेजारच्या बाकावर बसले आणि काश्परलाही त्यांनी बसवलं. त्यांचा आवाज हळू होता, म्हणून मी जवळ सरकलो. ते म्हणाले की हा पोप जन्माने बांबेर्गचा नव्हताच, सॅक्सनीकडचा होता. तो आपला झाला, कारण त्याने हे गाव धरून ठेवलं, रोमच्या गादीवर बसूनही सोडलं नाही. त्याला इथेच यायचं होतं असंच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. त्या पोराने बांबेर्गचं नाव तरी ऐकलं असेल का?



मग फादरनी त्याला दुसऱ्या एका पोपची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कधी ऐकली नव्हती आणि काश्परनेही ऐकली नसावी, कारण आमच्या गावात आमच्याच पोपचं कौतुक. तो याच्याही आधीचा. खुद्द रोमचा माणूस. आपल्या सम्राटाने त्याला गादीवरून ओढला आणि पार उत्तरेला, हांबुर्गला नेऊन ठेवला. तो तिथेच मेला, तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरला. तिथल्या लोकांनी त्याला मानाने वागवलं, असं म्हणतात. आणि तरी पुढे काही वर्षांनी त्याची हाडं डोंगर ओलांडून रोमला परत गेली, असं जुनी माणसं लिहून गेली आहेत.

“का?” काश्परने विचारलं. “मानाने ठेवला होता ना?”

“त्याला विचारून कोणी नेलं नव्हतं, काश्पर.”

काश्पर उठला. त्याने हात लांब करून त्या थंड दगडावर तळवा टेकला, ज्येष्ठमधाच्या कामाने बोटं कायमची पिवळी झालेला तळवा, आणि तसाच उभा राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “माझ्या पोराचं डोकं तिकडे आहे, फादर. तेही कोणीतरी विचारल्याशिवाय उचलून नेईल.” फादरनी त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली.

टेकडी उतरताना तो मला म्हणाला की तो परत जाणार. पोराला त्याच खळग्यात ठेवणार आणि योब्स्टचं उरलेलं शोधणार. त्याच संध्याकाळी गल्लीतले सगळे त्याच्या स्वयंपाकघरात जमले. ज्यांचे तट पडले होते ते सगळे आता एका बाजूला झाले. वर बर्फ पडायला लागला असेल, वसंतात जा. एंड्रेस सगळ्यांत जास्त बोलला. त्याने आपला बिनबोटांचा पाय बुटातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “हा बघ ऑक्टोबर.” कोणी हसलं नाही.

काश्पर म्हणाला की वसंतापर्यंत तिथे सरकारी फावडी पोचलेली असतील. तेव्हा त्या पोराचं तिथे राहिलेलं अंगही बेनाम ढिगात जाईल आणि योब्स्टचं डोकंही. ज्येष्ठमध काढायला आलो आणि निम्मा चर उघडा टाकून घरी गेलो, असं मी कधी केलं नाही.

ओटिली चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिच्याच शब्दाने हे सगळं झालं होतं, आणि हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. लोक गेल्यावर मी भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकला. “मी ते बोलले नसते तर?” काश्परने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. नंतर बराच वेळ फक्त चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज येत राहिला.

तो परत आला नाही, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याने उगाच वाट बघू नये. त्या दिवसांत एका मेंढपाळणीने पाठीवर पाटी घेतलेला म्हातारा बर्फात कड्याकडे चढताना बघितला होता. त्यापलीकडे आम्हाला कधी काही कळलं नाही. ओटिलीने हिवाळाभर योब्स्टला धान्याच्या पेटाऱ्यात, स्वच्छ कपड्यात ठेवलं आणि ईस्टर झाल्यावर, नडगी, मांड्या, बरगड्या, जेवढा होता तेवढा मातीत दिला. पेटी सुताराने छोटी करून दिली.

काश्पर निघाला त्या सकाळी नदीवरून धुकं चढून आमच्या वाफ्यांवर पसरलं होतं. कांदा काढून झाला होता, जमीन उघडी होती. त्या पोराला ओटिलीने स्वतः बांधला. कवटी तिने योब्स्टच्या रविवारच्या सदऱ्यात गुंडाळली. काश्पर म्हणाला, तो सदरा कशाला? ती म्हणाली, “वर थंडी असेल.” चांदणी तिने एका चिंधीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवली. वर गोणपाट, त्यावर बियांच्या पुरचुंड्या आणि ज्येष्ठमधाच्या काड्या. पाटी उचलताना मी हात लावला. मला वाटलं होतं त्याहून ती फार हलकी होती.

दोघं दारात आली. तिने त्याच्या गळपट्ट्याची गाठ बघितली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. तो म्हणाला, वाफ्यावर पाला पसरून घे. ती म्हणाली, बरं.

तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. जाताना डाव्या खांद्यावरचा पाटीचा पट्टा त्याने एकदा वर ओढला. एंड्रेस आपल्या फाटकाशी कुबडीवर उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि काश्पर पुढे गेल्यावरही पुन्हा घातली नाही. ज्या बाईने ओटिलीला सुनावलं होतं ती खराटा हातात घेऊन अंगणात थांबली होती. तिने क्रूसाची खूण केली. एका परड्यातून कोणीतरी सांभाळून जा असं हाक मारून म्हणालं. काश्परने मागे न बघता हात वर केला. धुक्यात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग कोट गेला, आणि पाटी तेवढी हलत पुढे चालली.

मी वळून बघितलं तर ओटिली दारात नव्हती. ती शिडीने कांद्याच्या कोठाराच्या वरच्या खिडकीशी चढली होती. तिथून रस्ता जास्त लांबवर दिसतो.